क्लेअरपर्यंतचा माग : एका आयरिश घराण्याच्या वंशावळीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

सासूबाईंच्या माहेरच्या घराण्याचा मूळ पुरुष आयरिश होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात भरती होऊन तो पुण्यास आला, एवढे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागची एकही पिढी मात्र कोणाला सांगता येत नाही. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे आणि आपली माणसे आयर्लंडमधल्या नेमक्या कोणत्या गावची, हे कळावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. म्हणून हे काम आजपासून रीतसर हाती घेत आहे. हयात नातेवाइकांचा विचार करून घराण्याचे आडनाव आणि मूळ गावाचे नाव या नोंदींत येणार नाही. मूळ पुरुषाचा उल्लेख मी ‘शिपाई’ असाच करीन.

हाताशी सामग्री थोडी आहे. सासूबाईंच्या आजोबांचे एक प्रार्थनापुस्तक आहे आणि त्याच्या कोऱ्या पानावर शिपायाच्या मुलांची नावे व जन्मतारखा १८५८ पासून पुढे ओळीने लिहिलेल्या आहेत. शाई तपकिरी पडली असली तरी अक्षर लागते. तिसऱ्या मुलाचे नाव ‘सेनन’ आहे. या नावाचा माणूस घराण्यात पुन्हा झाला नाही आणि ते नाव कोठून आले हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी गोष्ट तोंडी चालत आलेली आहे: ‘आपण लिमरिकचे.’ मामेसासरे हे ठामपणे सांगतात.

कामाचा एक नियम आधीच ठरवला आहे. प्रत्येक विधानापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘शक्य’ यांपैकी एक शब्द लिहायचा आणि नवा पुरावा हाती आल्याशिवाय तो बदलायचा नाही. आयरिश पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागात, एकाच नाव-आडनावाची चार-चार माणसे एकाच काळात नांदत असत, त्यामुळे मन ज्याच्याकडे ओढ घेते तोच आपला पूर्वज मानण्याचा मोह या कामात फार मोठा असतो.

१९ जानेवारी २०२५

काय शोधायचे हे ठरवण्याआधी काय उरलेलेच नाही याचा आढावा घेतला. आयर्लंडमध्ये पूर्ण स्वरूपाची जनगणना १८२१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण संपूर्ण देशाची म्हणून आज हाती असलेली सर्वांत जुनी घरोघरची पत्रके १९०१ सालची आहेत. मधल्या आठ जनगणनांची वाट वेगवेगळ्या कारणांनी लागली. १८६१ आणि १८७१ ची पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आली. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात, कागदाची टंचाई असताना, लगद्यासाठी दिली गेली. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची पत्रके मात्र डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागारात जपून ठेवलेली होती, आणि ती ३० जून १९२२ रोजी जळाली.

त्या दिवसाविषयी वाचताना हात थांबतो. ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या गटाने फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतींचा ताबा घेतला होता, त्यातून आयरिश यादवी युद्ध सुरू झाले आणि २८ जूनपासून नव्या सरकारच्या सैन्याच्या तोफा त्या इमारतींवर चालू होत्या. अभिलेखागार त्याच आवारात होते. ३० तारखेच्या स्फोटात आणि आगीत सात शतकांचे कागद गेले. जळके कपटे वाऱ्याबरोबर हाऊथच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पडल्याचे लोकांनी सांगितले आहे. जनगणनेबरोबर मृत्युपत्रे गेली, न्यायालयांचे दप्तर गेले, आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या नोंदवह्या गेल्या, कारण १८७१ मध्ये त्या चर्चचा सरकारी दर्जा संपल्यावर त्याच्या जुन्या नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून तेथे आणून ठेवल्या होत्या.

आपले घराणे कॅथलिक असल्यामुळे त्यातला एक भाग आपल्याला लागू होत नाही: कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या धर्मगुरूंच्याच ताब्यात राहिल्या म्हणून वाचल्या. अडचण निराळी आहे. पश्चिमेकडील गरीब भागांत त्या मुळात उशिरा सुरू झाल्या, कित्येक ठिकाणी १८३० किंवा १८४० नंतर. जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासूनची आहे. कॅथलिकेतर विवाहांची सरकारी नोंद १८४५ मध्येच सुरू झाली होती, पण कॅथलिकांच्या विवाहांना त्यासाठी १८६४ पर्यंत थांबावे लागले. शिपायाचा जन्म १८३० च्या आसपासचा धरला, तर तो या सगळ्याच्या आधी पडतो.

यातून एक दिशा निघते. त्या काळी गरीब माणसाचे नाव कागदावर येई ते त्याच्याकडून कोणाला काही वसूल करायचे असेल किंवा त्याला काही द्यावे लागत असेल तेव्हाच. तेव्हा जन्माची नोंद शोधत बसण्यापेक्षा कर, खंड, पगार आणि पेन्शन यांचे कागद आधी पाहायचे.

९ फेब्रुवारी २०२५

सुरुवात इकडूनच केली. मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वार्षिक विवरणे प्रती काढून लंडनला पाठवली जात. ती आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या पाहता येते; बंगाल, मद्रास आणि मुंबई असे त्यांचे वेगळे विभाग आहेत. मुंबई विभागात शिपायाचा विवाह सापडला: पुणे, १८५७. विवाहाच्या नोंदीत वराचे वय, हुद्दा, पलटण आणि वडिलांचे नाव आहे. वडिलांचे हे नाव म्हणजे आतापर्यंतची सर्वांत मोलाची गोष्ट. पिता-पुत्र संबंध: सिद्ध.

पलटण ‘फर्स्ट बॉम्बे युरोपियन फ्यूजिलियर्स’. कंपनीचे राज्य संपल्यावर ही पलटण राणीच्या सैन्यात घेतली गेली, १०३ क्रमांकाची ‘रॉयल बॉम्बे फ्यूजिलियर्स’ झाली आणि १८८१ च्या फेररचनेत ‘रॉयल डब्लिन फ्यूजिलियर्स’ची दुसरी बटालियन म्हणून नावानेही आयरिश ठरली. पुण्या-मुंबईत घडलेल्या पलटणीचे मुख्य ठाणे शेवटी डब्लिनजवळच्या नास येथे गेले, ही गोष्ट सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांना विशेष वाटले.

मार्ग पुढे कसा जातो हे या बदलामुळेच ठरते. राणीच्या सैन्यातून पेन्शन घेऊन निवृत्त झालेल्या शिपायाचे मुक्तिपत्र लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असण्याचा संभव असतो, आणि त्या मुक्तिपत्रावर जन्माचे ठिकाण लिहिण्याची पद्धत होती.

२ मार्च २०२५

मुक्तिपत्र मिळाले. छापील नमुन्यात ‘जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा शहराजवळ, अमुक काउंटीत’ अशी मोकळी जागा सोडलेली आहे आणि कारकुनाने ती भरली आहे. पॅरिशचे नाव कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे, शहर किलरश, काउंटी क्लेअर. भरती लिमरिक येथे, फेब्रुवारी १८४७, वय १९, धंदा मजुरी. शेवटच्या पानावर सेवा २१ वर्षे, वर्तणूक चांगली, पुढे राहण्याचे ठिकाण पुणे. सहीच्या जागी फुली आहे.

‘आपण लिमरिकचे’ याचा उलगडा येथे झाला. लिमरिकला त्याने भरतीचे पैसे घेतले. घर शॅनन नदीच्या मुखाकडे, पश्चिम क्लेअरमध्ये होते. कुटुंबातील आठवण खोटी नव्हती, तिने निघण्याचे ठिकाण राहण्याचे म्हणून धरून ठेवले होते. फेब्रुवारी १८४७ ही तारीखही बोलकी आहे. बटाट्याचे पीक १८४५ मध्ये अंशतः आणि १८४६ मध्ये जवळजवळ पूर्ण बुडाले होते आणि तो हिवाळा दुष्काळातील अत्यंत भीषण काळांपैकी एक होता. एकोणीस वर्षांचा मजूर कंपनीच्या भरतीदाराकडे कशासाठी गेला असेल, याचे उत्तर कागदावर लिहिलेले नसले तरी तारखेत आहे.

आणि सेनन. हे नाव संत सेननचे. सहाव्या शतकात किलरशसमोरच्या स्कॅटरी बेटावर त्याने मठ स्थापला असे परंपरा सांगते, आणि त्याच्यावरून मुलांना नाव ठेवण्याची रीत मुख्यतः पश्चिम क्लेअरची आहे. म्हणजे प्रार्थनापुस्तकातले ते एकाकी नाव घराण्याचे मूळ स्थान इतकी वर्षे सांगतच होते.

१६ मार्च २०२५

पॅरिशचे नाव निश्चित करण्यात आठवडाभर गेला. कारकुनाचे स्पेलिंग कोणत्याच यादीत नाही. १८५१ च्या जनगणनेच्या आधारे छापलेली टाउनलँडची वर्णानुक्रमणी आणि आयरिश स्थलनामांचा लोगेनम हा सरकारी संग्रह समोरासमोर ठेवून उच्चाराने जवळची नावे काढली. किलरशच्या परिसरात त्यातले एकच बसते. पॅरिश: सिद्ध.

पुढे गोंधळ होऊ नये म्हणून जमिनीची उतरंड येथे लिहून ठेवते. टाउनलँड हा सर्वांत लहान घटक. देशात असे साठ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांचे क्षेत्र काही एकरांपासून हजारो एकरांपर्यंत असते. टाउनलँड मिळून सिव्हिल पॅरिश, त्या मिळून बॅरनी, त्या मिळून काउंटी. कॅथलिक पॅरिशची हद्द सिव्हिल पॅरिशपेक्षा वेगळी असू शकते आणि नावही. १८३८ च्या गरीब कायद्याने केलेली ‘युनियन’ ही विभागणी या सर्वांहून निराळी. पुढे जन्म-मृत्यूची नोंदणी युनियनच्या हद्दींप्रमाणे झाली. करांची कागदपत्रे सिव्हिल पॅरिशप्रमाणे, बाप्तिस्मे कॅथलिक पॅरिशप्रमाणे, सरकारी जन्मनोंदी युनियनप्रमाणे, असे तिन्ही कप्पे उघडल्याशिवाय एका घराची माहिती पुरी होत नाही.

६ एप्रिल २०२५

कॅथलिक पॅरिशची नोंदवही आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये विनामूल्य खुल्या केलेल्या छायाचित्रांत आहे. अपेक्षेप्रमाणे ती शिपायाच्या जन्मापर्यंत जात नाही. पहिले पान १८४४ चे आहे. तरीही सगळी वाचायची असे ठरवले, कारण शिपायाची धाकटी भावंडे तिच्यात असू शकतात.

वाचन सावकाश चालले आहे. धर्मगुरू कधी लॅटिन लिहितो, कधी इंग्रजी: जेम्सचा याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. आडनावापुढचा ‘ओ’ एका ओळीत आहे, दुसऱ्या ओळीत गळला आहे, आणि माणूस तोच. प्रत्येक बाप्तिस्म्यासमोर आईचे माहेरचे आडनाव आणि धर्मपिता-धर्ममातेची नावे आहेत. आईचे माहेरचे आडनाव हीच येथे एकाच नावाच्या दोन बापांना वेगळे करणारी खूण ठरते.

शिपायाच्या वडिलांचे नाव असलेली दोन जोडपी मिळाली. पहिल्या जोडप्याची एक मुलगी, बाप्तिस्मा ऑगस्ट १८४५. दुसऱ्या जोडप्याची मुले १८५० नंतरची, म्हणजे बाप बहुधा तरुण. पहिले जोडपे: शक्य.

११ मे २०२५

जमिनीचे कागद. यांत अधिक वेळ घालवला आणि त्याचे चीज झाले.

सर्वांत जुनी म्हणजे दशांश कराची वही. चर्च ऑफ आयर्लंडच्या धर्मगुरूंसाठी सर्व शेतकऱ्यांकडून, कॅथलिकांकडूनही, हा कर घेतला जाई. १८२३ च्या कायद्याने तो धान्याऐवजी रोख ठरवला आणि त्यासाठी टाउनलँडवार याद्या झाल्या. आपल्या पॅरिशची यादी १८२६ ची आहे. एका टाउनलँडमध्ये, त्याला येथे ‘अ’ म्हणते, शिपायाच्या वडिलांचे नाव दुसऱ्या एका माणसाबरोबर जोडीने आहे आणि दोघांचे आडनाव एक आहे. क्षेत्र दोघांत मिळून ११ एकर. हे आयरिश एकर असून आजच्या मापाने ते जवळजवळ १८ भरतात, हे न पाहता पुढच्या कागदांशी तुलना केली तर जमीन वाढली की घटली याचा अंदाजच चुकेल. त्या जोडीदाराचे पहिले नाव शिपायाचेच आहे. थोरल्या मुलास वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची आयरिश रीत धरली, तर तो शिपायाचा आजोबा असू शकेल. शक्य, आणि अजून एवढेच.

१८३० च्या दशकातील जमीनपाहणीच्या घरवह्यांत काही नाही. त्या पाहणीत आरंभी तीन पौंडांखालची आणि नंतर पाच पौंडांखालची घरे धरलीच नव्हती, आणि मजुराची मातीची झोपडी त्या रकमेच्या आसपासही नसे.

नंतरचा मोठा कागद म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेले मूल्यांकन. गरिबांसाठीचा कर कोणी किती द्यायचा हे त्यावरून ठरे. क्लेअरचा भाग १८५५ चा आहे. ‘अ’ टाउनलँडमध्ये १८२६ च्या दोघांपैकी एकही नाही. मोठमोठी कुरणे आहेत आणि घरांच्या रकान्यात गुराख्यांची घरे. शिपायाच्या वडिलांचे नाव पॅरिशमध्ये दोनदा येते. एक दूरच्या टाउनलँडमध्ये, नावापुढे ओळख पटावी म्हणून कंसात बापाचे नाव दिलेले, २० एकरांचे कूळ. दुसरा ‘अ’ च्या शेजारच्या ‘ब’ मध्ये: जमीन नाही, केवळ घर, वार्षिक मूल्य पाच शिलिंग, आणि घराचा मालक जमीनदार नसून दुसरे एक कूळ.

१८२६ आणि १८५५ यांच्या मध्ये काय झाले? किलरश युनियनच्या बाबतीत याचे उत्तर देणारा कागद अस्तित्वात आहे. गरीब कायद्याचे निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी नोव्हेंबर १८४७ मध्ये तेथे आले आणि त्यांनी घरातून बाहेर काढलेल्या कुळांच्या याद्या करून वरिष्ठांना पाठवल्या; त्या १८४९ मध्ये पार्लमेंटपुढे छापून आल्या. जमीनदारांनी कुळे का हलवली याची दोन कारणे कायद्यातच होती. चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर कुळाऐवजी जमीनदारावर पडे, म्हणून लहान कूळ हा त्याला भुर्दंड वाटू लागला. आणि जून १८४७ च्या दुरुस्तीने पाव एकराहून अधिक जमीन असणाऱ्याला सरकारी मदत मिळेनाशी झाली, त्यामुळे उपाशी कुटुंबाला मदतीसाठी जमीन सोडावी लागे. घर पाडले म्हणजे ते कुटुंब परतत नसे. १८४९ च्या डिसेंबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापलेले ब्रिजेट ओडॉनेल आणि तिच्या मुलांचे रेखाचित्र याच भागातले आहे, बहुतेक इतिहासग्रंथांत ते पाहिलेले होते, पण ते आपल्या घराण्याच्या शेजारचे आहे हे आज कळले.

यादीत ‘अ’ टाउनलँडखाली शिपायाच्या वडिलांचे नाव आहे. कुटुंबात माणसे सहा. घर पाडलेले.

हे वाचल्यावर त्या दिवशी पुढे काम केले नाही. ज्या मुलाने १८४७ च्या फेब्रुवारीत लिमरिक गाठले होते, तो या सहांत नव्हता आणि ही बातमी मुलतानच्या वेढ्यावर गेलेल्या त्याच्या पलटणीत त्याला केव्हा आणि कशी पोचली असेल, की पोचलीच नसेल, हे सांगणारा कागद कोठेही असणे शक्य नाही.

२० जुलै २०२५

आता १८४५ ची ती मुलगी. तिच्यावरून मागे जाता येईल का, हे पाहायचे होते. विवाह १८६४ नंतर झाला असेल तर सरकारी नोंद असणारच, आणि ती आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळाली: फेब्रुवारी १८६८, लेंटच्या उपवासकाळाच्या आधी, जसे तिकडच्या खेड्यांतले बहुतेक विवाह होत. राहणार ‘ब’ टाउनलँड, वडील मजूर, वडिलांच्या नावापुढे ‘मृत’.

नवऱ्याच्या आडनावाने ती १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत सापडली. १९०१ मध्ये वय ५०, १९११ मध्ये ६७. दहा वर्षांत सतरा वर्षे वाढण्याचे कारण देशभर एकच आहे. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळचे पेन्शन सुरू झाले. बऱ्याच म्हाताऱ्यांना आपले खरे वय माहीत नव्हते आणि ज्यांचा जन्म १८६४ च्या आधीचा, त्यांच्याकडे दाखलाही नव्हता. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री झालेले भयंकर वादळ आठवते असे सांगून वय पटवल्याच्या गोष्टी तेव्हापासून प्रसिद्ध आहेत. ज्यांना ते सांगता येत नव्हते त्यांच्यासाठी अधिकारी डब्लिनला अर्ज पाठवत: अमुक टाउनलँडमध्ये अमुक आईबापांच्या घरी १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत हे मूल आहे का? कारकून मूळ पत्रक काढून पाही आणि उत्तर लिही. पत्रके १९२२ मध्ये जळाली, पण या शोधाचे अर्ज वाचले आणि ते आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. जळून गेलेल्या जनगणनेचा असा तुकडा एखाद्या घराण्याला मिळणे हे मोठे भाग्य म्हटले पाहिजे.

या बाईचा अर्ज १९१६ चा आहे. काही कारकून ‘सापडले’ आणि वय एवढेच लिहीत. या कारकुनाने मात्र १८५१ च्या पत्रकातील सगळे घर उतरवून काढले आहे. टाउनलँड ‘ब’. बाप ५०, आई ४६, विवाह १८२६. मुले: मुलगी २२, सेनन १७, मुलगा १२, आणि अर्जदार ५.

सेनन १७.

प्रार्थनापुस्तकाचे पान पुन्हा काढून शेजारी ठेवले. शिपायाच्या पहिल्या मुलाचे नाव त्याच्या वडिलांचे, म्हणजे या कुटुंबप्रमुखाचे. दुसऱ्या मुलीचे नाव या घरातल्या आईचे. आयरिश रीतीप्रमाणे दुसऱ्या मुलीस वडिलांच्या आईचे नाव मिळते. तिसऱ्या मुलाचे नाव सेनन. विवाह १८२६ आणि शिपायाचा जन्म १८२८ हे जुळते. पाडलेल्या घरातील सहा माणसे आणि १८५१ च्या घरातील सहा माणसे हेही जुळते.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर दुबळी आहे. नावे प्रचलित होती, सेनन त्या भागात विरळा नव्हता. पण विवाहनोंदीतील पित्याचे नाव, मुक्तिपत्रातील पॅरिश, मुलांच्या नावांचा क्रम, आणि दूरच्या टाउनलँडमधील दुसऱ्या माणसाचे कंसातले बापाचे नाव या क्रमाशी न जुळणे, अशा एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टी एकाच घराकडे बोट दाखवतात. पहिले जोडपे हे शिपायाचे आईबाप: संभाव्य. ‘सिद्ध’ लिहायला शिपायाचा थेट उल्लेख असलेला एखादा कागद हवा.

२१ सप्टेंबर २०२५

डब्लिन. मूल्यांकनाच्या सुधारणावह्या पाहिल्या. आपल्याकडे सातबाऱ्याला फेरफार असतो तशाच या वह्या ग्रिफिथच्या मूल्यांकनानंतरचा प्रत्येक बदल सांगतात. कूळ बदलले की जुने नाव खोडून वर नवे, आणि वर्षागणिक शाईचा रंग वेगळा, त्यामुळे कोणता बदल कोणत्या सालचा हे रंगावरून लागते. ‘ब’ मधील पाच शिलिंगांचे घर १८६० च्या दशकाच्या मध्यास तांबड्या शाईने खोडले आहे आणि कडेला ‘घर पडले’ असा शेरा आहे. १८६८ च्या विवाहनोंदीतील ‘मृत’ याच्याशी हे सुसंगत आहे. सेनन कोठे गेला हे येथून कळत नाही.

हेन्रिएटा स्ट्रीटवरील दस्तनोंदणी कार्यालयात १७०८ पासूनचे दस्त आहेत, पण ते जमीनदार आणि मध्यस्थ यांच्यातले. वर्षावर्षाने जमीन कसणाऱ्या कुळाचा करारच नसे, तर दस्त कोठून असणार? ‘अ’ टाउनलँड कोणाकडून कोणाकडे गेला ती साखळी टिपून घेतली. तिच्यामुळे कोणत्या इस्टेटीच्या खंडवह्या शोधायच्या ते ठरले.

राष्ट्रीय ग्रंथालयातील वंशावळ-मार्गदर्शन विभागात मी काढलेली वंशवृक्षाची आकृती दाखवली. तेथील बाईंनी शांतपणे पाहून विचारले की शिपायाच्या विवाहाचे साक्षीदार कोण होते. एक साक्षीदार त्याच पलटणीतला असून त्याचे आडनाव १८४५ च्या बाप्तिस्म्यातील आईच्या माहेरचे आहे. ही गोष्ट माझ्याकडे फेब्रुवारीपासून लिहिलेली होती, पण आईचे आडनाव एप्रिलमध्ये मिळाल्यावर तिला अर्थ आला होता तो त्या प्रश्नामुळे स्पष्ट झाला. त्या साक्षीदाराचे भरतीचे कागद मागवले आहेत.

१२ ऑक्टोबर २०२५

मामेसासऱ्यांनी जनुकीय चाचणी दिली होती, तिचा निकाल आला. पश्चिम क्लेअरकडे मूळ सांगणाऱ्या काही जणांशी दूरचे नाते दिसते, पण त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या घरांतच सोयरिकी झाल्या, त्यामुळे नाते कोणत्या बाजूने आले हे आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. १८४५ च्या बाईचे सरळ वंशज चाचणीला तयार झाले तरच काही निश्चित म्हणता येईल. मामेसासरे तिचे भाचेपणतू ठरत असतील तर तिच्या पणतवंडांशी त्यांचे नाते असे असेल की त्या अंतरावर बहुतेकदा सामाईक अंश सापडतो. तेव्हा प्रयत्न करण्यासारखा आहे.

९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदाराचे कागद आले. भरती लिमरिक, त्याच महिन्यात, शिपायानंतर दोन दिवसांनी. जन्म त्याच पॅरिशमध्ये. मामाचा मुलगा किंवा आईकडील अन्य आप्त असणे फार संभवनीय आहे. दोघे घरून बरोबर निघाले असावेत, असे मी वेगळ्या शाईने, अनुमान म्हणून लिहिले आहे. आईबापांविषयीचा शब्द मी अजून ‘संभाव्य’ च्या पुढे नेलेला नाही. सासूबाईंनी कारण विचारले आणि ते ऐकून घेतल्यावर असेच राहू द्यावे असे सांगितले.

१९२६ ची जनगणना शंभर वर्षांच्या मुदतीनंतर एप्रिल २०२६ मध्ये खुली होणार आहे. तिच्यात १८४५ च्या बाईची मुले कोठे होती हे पाहून हयात वंशजांपर्यंत पोचता येईल आणि चाचणीची विनंती करता येईल. त्याआधी ‘अ’ टाउनलँडच्या इस्टेटीच्या खंडवह्या १८२० ते १८४७ पाहून घ्यायच्या: १८२६ चा जोडीदार आजोबा होता की चुलता, हे त्याचे नाव कोणत्या वर्षी गळते आणि त्याच्या जागी कोणाचे येते यावरून ठरेल. वह्यांच्या प्रतींसाठी अर्ज भरून ठेवला आहे, सोमवारी पाठवते.